परम आदरणीय दोत्तोरे सेत्तिमियो यांस

शी! त्या पत्राची आठवण झाली की अजून तोंड कडू होतं.

झेलिंदा माझी शेजारीण. उभा जन्म बुटांचे वरचे भाग शिवण्यात गेला. तिची टीप चामड्यात शोधावी लागे, असा हात. जुना कारखाना बंद पडला तेव्हा तिच्या पेन्शनला तीन वर्षं कमी पडत होती. तेवढी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर म्हातारपणी लोकांचे जिने पुसा. गावात काम देणारा एकच उरला होता, सेत्तिमियो. मी त्याच्याकडेच मशीनवर होते.

हा सेत्तिमियो शाळेत झेलिंदाच्या बाकावर बसायचा. तिची गणितं उतरवून पास व्हायचा. आठवीत तिने वही दिली नाही, तर गडी नापास! मग शाळा सोडली, आणि सासऱ्याच्या जिवावर कारखानदार झाला. आमच्याकडे पदवीवाल्याला 'दोत्तोरे' म्हणतात. आणि पदवी नसली तरी ज्याच्या हातात आपला पगार, त्यालाही.

झेलिंदाने अर्जासोबतच्या पत्रात लिहिलं, 'प्रिय सेत्तिमियो'. दुसरं काय लिहिणार?

अर्ज घेणाऱ्या पोरीने ते दोन बोटांत धरून परत दिलं. "मावशी, हे आत नेलं तर माझीच नोकरी जाईल. 'परम आदरणीय दोत्तोरे' असं लिहून आणा."

"अगं, तो आठवी नापास आहे!"

"म्हणूनच सांगतेय."

माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने नवं पत्र लिहिलं. आधी मला म्हणाली, "तू लिही, माझा हात वळत नाही." मी म्हटलं, "मला उलटी होईल." शेवटी तिनेच लिहिलं आणि साबणाने हात घासून घासून धुतले.

त्याने बोलावलं. समोर परगावचे दोन व्यापारी बसलेले. पत्र तिच्याच हातात देऊन म्हणाला, "पहिली ओळ वाच, झेलिंदा. जरा मोठ्याने."

तिने वाचली. मेला बोक्यासारखे डोळे मिटून ऐकत होता.

"पुन्हा."

तिने पुन्हा वाचली.

"सोमवारपासून ये."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. "थुंकली का नाहीस त्याच्या तोंडावर?"

"पेन्शन होऊ दे," ती म्हणाली.

तीन वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर बसून ती त्याला रोज दोत्तोरे म्हणत राहिली. शेवटच्या दिवशी त्याने केक आणला, वाइन आणली. सगळ्यांदेखत तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एका बाकावरचे आपण! आता तरी नावाने हाक मार की."

झेलिंदाने तो हात उचलून बाजूला केला. "नको, दोत्तोरे. नावाने मी माणसांना हाक मारते."

एप्रनची घडी मशीनवर ठेवली आणि गेली. केकला शिवलीसुद्धा नाही.

सोमवारी तो आत आला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी नेहमीसारखं उठून म्हटलं, "नमस्कार, दोत्तोरे."

शी!