पोटाखालून पट्टा

विमानानं करकचून ब्रेक मारला आणि माझ्या सुनेचा पट्टा लावून नुकतीच सरळ झालेली ती विमानात कामाला असलेली पोरगी माझ्या डोळ्यांदेखत पुढे फेकली गेली. तिचा हात समोरच्या खुर्चीच्या कडेवर आपटला. तुरीची वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला. पुढे एक माणूस वरच्या कप्प्यातून बॅग काढत उभा होता. तो गुडघ्यांवर आदळला आणि बॅग त्याच्या पाठीवर.

मी सुनेकडे पाहिलं. ती पुढे वाकली होती, पण पट्ट्यानं तिला खुर्चीत धरून ठेवलं होतं. दोन्ही हात पोटावर, डोळे मिटलेले.

"दुखते काय?" मी विचारलं.

तिनं नुसती मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

सातवा महिना होता. याआधी दोनदा तिला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा गर्भ पडला. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच, यवतमाळकडे आर्णीजवळच्या आमच्या गावी करायचं ठरलं होतं. मुलगा पुण्याला नोकरीला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रात्रभर मोटारीचे हादरे नकोत, विमानानं न्या, आणि तसं लिहूनही दिलं. मुलाला सुट्टी नव्हती. तिला आणायला मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई गेलो. जाऊबाईंना मूलबाळ नाही. सुनेच्या पोटातल्या जिवावर त्यांचा हक्क माझ्यापेक्षा जास्त, असं त्यांचं म्हणणं, आणि मी ते कधी खोडलं नाही.

विमानात जाऊबाई खिडकीशी बसल्या, मी वाटेच्या कडेला, मधे सून. उडायच्या आधी ती पोरगी पट्टे बघत आमच्यापर्यंत आली आणि सुनेचा पट्टा तिनं स्वतः लावला.

"पोटावरून नाही, पोटाखालून," ती म्हणाली. "मांड्यांवर बसला पाहिजे. ओढ बसली तर हाडांवर बसते, बाळावर नाही."

जाऊबाईंना ते पटलं नाही. आमच्याकडे दोन जिवांच्या बाईला कमरेशी काही आवळू देत नाहीत, लुगड्याची गाठसुद्धा सैल. गोठ्यात गुरांचं दावं जमिनीवर पडलेलं असलं, तरी ते ओलांडू देत नाहीत, नाळ गळ्यात अडकते म्हणून.

"दावं वलांडू देत नाही आपण," जाऊबाई मला म्हणाल्या, "अन् हे लोकं तं पोट्टीले दाव्यानंच बांधून राह्यले."

"राहू द्या बाई. त्यांचं विमान, त्यांची रीत."

तेवढ्यानं त्या गप्प बसल्या, पण पूर्ण वेळ त्यांचा डोळा त्या पट्ट्यावर होता. चाकं जमिनीला लागली, विमान हळू झालं आणि लोक आर्णीच्या स्टँडवर येष्टी वळताना उठतात तसे उठायला लागले. मी त्यांच्याकडे बघत होते. तेवढ्यात जाऊबाईंनी हात घालून सुनेचा पट्टा खटकन उघडला.

"झालं माय, आली जमीन. ऊठ, पाय मोकळे कर."

सून मोठ्यांचं ऐकणारी. अर्धवट उठलीसुद्धा.

ती पोरगी समोर आमच्याकडे तोंड करून, स्वतःचा पट्टा लावून बसली होती. आधी तिथूनच ओरडली, सगळे बसा. दोघेचौघे बसले. बॅगवाला बसला नाही. मग तिची नजर सुनेवर गेली आणि ती स्वतःचा पट्टा काढून आमच्याकडे आली.

"ताई, खाली बसा आधी. विमान अजून चालतंय."

"अवं पोरी, जमिनीवर हाये ना आता?" जाऊबाई म्हणाल्या. "आता पडून पडून कुठं पडन थे?"

"आजी, पायलटनं ब्रेक दाबला तर विमान थांबेल. ही नाही थांबणार. पोट समोरच्या खुर्चीवर जाईल."

जाऊबाई काही बोलणार, तोवर तिनं माझ्यावरून वाकून पट्टा लावला, पोटाखालून, आणि ओढून पाहिला. सरळ झाली. तेव्हाच तो ब्रेक लागला.

समोर काहीतरी आडवं आलं, असं पायलट नंतर बोलला. काय, ते सांगितलं नाही.

ती पोरगी उठली ती हात छातीशी धरून. चेहरा पांढरा पडला होता. मागच्या बाजूनं तिची जोडीदारीण यायला निघाली, तर हिनं तिला तिथूनच बसायला सांगितलं. आमच्या पुढची खुर्ची रिकामी होती, तिथं ती एका हातानं पट्टा लावून बसली. आता सगळं विमान बसलं होतं. बॅगवालासुद्धा.

विमान पुन्हा चालायला लागलं. मी सुनेच्या पोटावर हात ठेवला. काही नाही. जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते. असा वेळ मी आयुष्यात फार काढलेला नाही.

"आई," सून म्हणाली, "हललं."

मग माझ्याही हाताला कळलं. चांगली लाथ होती.

विमान थांबलं, पट्ट्याचा दिवा विझला. जाऊबाईंनी डब्यावर बांधलेली दस्ती सोडली आणि त्या रुमालाची झोळी करून पोरीचा हात तिच्या गळ्यात बांधला. हात जोडायला गेल्या तर ती म्हणाली, "आजी, ताईंना आधी डॉक्टरांकडे न्या." आम्ही नेलं. सगळं ठीक निघालं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

गाडीत मी बोललेच.

"बाई, मागं एकदा कापसाच्या बैलगाडीवरून पडल्या होत्या तुम्ही. कुठं पडल्या?"

"गावाच्या येशीपाशी," जाऊबाई म्हणाल्या.

"काहून?"

"बैलाईले घर दिसलं, पळाले. मी उतराले उभी झालती." मग स्वतःच म्हणाल्या, "तिचा हात नीट होईन ना वं?"

मला माहीत नव्हतं. अजूनही नाही.

मी उठसूट कुणाचे उपकार मानणारी बाई नाही. ज्याचं काम त्यानं करावं, असं माझं मत. पण त्या पोरीला बसल्या जागेवरून ओरडता येत होतं. आम्ही ऐकलं नसतं, तर दोष आमचाच होता. ती उठून आली. जाऊबाई आता येष्टी पूर्ण थांबल्याशिवाय उठत नाहीत आणि शेजारणीलाही पदर धरून बसवतात.

नात यवतमाळच्या दवाखान्यात पूर्ण दिवसांची झाली. नाळ गळ्यात नव्हती.

त्या पोरीचा हात सोडला तर विमानातून सगळे धड उतरले. आमच्या घरच्या तिघी, आणि पोटातली चौथी.