लावण्याच्या नावाची कार्डं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, कौतुक करून करून मला डोक्यावर चढवणाऱ्या आमच्या कॉलेजच्या बाईंनाही नाही. तुम्हाला सांगतेय — पण आधीच बजावते, मधेच ‘लहान होतीस गं तेव्हा’ असलं काही म्हणायचं नाही. एकवीस वर्षांची होते. एकविसाव्या वर्षी माणसाला सगळं कळतं.

माझं ते काम कदाचित तुम्ही मोबाइलवर पाहिलंही असेल. दीड मिनिटाचं आहे. गुप्तहेराच्या सिनेमाची शीर्षकं, सुरुवातीला पडद्यावर नावं येतात ती — सिनेमा नाहीच, नुसती शीर्षकं. सोलापुरात आमच्या अ‍ॅनिमेशनच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी तसा प्रकल्प असायचा; न झालेल्या सिनेमाची सुरुवात तेवढी करायची, दोघा-दोघांनी मिळून. मी मोडनिंबची. आमच्या घरी पडद्यावर नावं सुरू झाली की आई चहा टाकायला उठायची. “नावंच तर हायती की,” म्हणायची. आणि मला त्या नावांचंच वेड लागलेलं.

माझी जोडीदार लावण्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकराच्या घरातली, घरात तेलुगू, बाहेर मराठी. तिचे वडील जॅकार्डच्या मागासाठी कार्डं पंच करायचे. म्हणजे काय, तर चादरीवर मोर हवा असेल तर तो आधी चौकटीच्या कागदावर काढायचा, मग एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याच्या एकेका पट्टीला भोकं पाडायची. भोक असेल तिथं धागा उचलला जातो. पट्ट्या ओळीनं दोऱ्यात ओवल्या की मागावर मोर उतरतो. एक भोक चुकलं तर शेकडो चादरी वाया. आणि काकांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, भोक चुकत नाही, अशी त्यांची ख्याती होती.

कल्पना तिची. — हे दोन शब्द लिहायला मला इतकी वर्षं लागली, कळतंय का? कल्पना तिची होती. चादरीच्या नक्षीत निरोप दडवून सरहद्दीपार पाठवणारा हेर. माग सुरू होतो, कार्डांची माळ सरकते, मागून उजेड येतो आणि भोकाभोकांतून अक्षरं पेटत जातात. मी तर बंदूक आणि काळा चष्मा घेऊन बसले होते!

नावं तिनं चौकटीच्या कागदावर काढली. कार्डं काकांनी पंच केली, कामावरून आल्यावर, आठवडाभर. शेवटच्या पाटीवर आम्हा दोघींची नावं. आपल्या मुलीचं नाव त्यांनी भोक भोक करून पाडलं होतं.

त्या नावावर बरंच काही अडलेलं होतं, आणि मला ते माहीत होतं. लावण्याला कामासाठी पुण्याला जायचं होतं. तिचे दोन्ही चुलते आडवे आले होते. पोरीला एवढ्या लांब कशाला पाठवायचं, स्थळ आलंय ते बघा. काकांनी त्यांना सांगितलं होतं, कॉलेजात या, पडद्यावर तिचं नाव बघा आणि मग बोला. शिवाय हॉलमध्ये प्रकल्प दाखवायचे त्या दिवशी पुण्याच्या एका स्टुडिओचे गृहस्थ येणार होते. आमच्या वर्गातून एकालाच घेणार होते.

एकालाच. लावण्या तापानं आठवडाभर घरी होती, संकलन मी एकटी करत होते. दोन नावं दिसली तर ते गृहस्थ विचारणार, कल्पना कुणाची? मग मी काय सांगणार होते? मी तिच्या नावाचा तुकडा कापला. कापला, आणि आधीचा ताल बिघडला नाही ना, ते पुन्हा लावून पाहिलं.

हॉलमध्ये काका इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत, दोन्हीकडे एकेक भाऊ. त्यांना मराठी वाचायला वेळ लागायचा, पण ते नाव वाचायची त्यांना गरजच नव्हती. शेवटची पाटी आली. माझं नाव पेटलं. टाळ्या वाजल्या. काका पुढं वाकून बघतच राहिले.

बाहेर आल्यावर लावण्यानं मला एवढंच विचारलं, “माझं नाव?” आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, तुझ्या नावाची मधली कार्डं चुकीची पंच झाली होती, अक्षरं तुटली, वाचताच येईना, आणि दुसरं काही करायला वेळ उरला नव्हता. ती माझ्याकडं नाही, वडिलांकडं बघायला लागली. एक चुलता तेलुगूत काहीतरी बोलला आणि हसला.

कार्डांत एकही चूक नव्हती. ते चित्रण माझ्याकडं आजही आहे.

पुण्याला मी गेले. लावण्या अक्कलकोट रोडला एका कारखान्यात टॉवेलांची नक्षी काढते, आता कॉम्प्युटरवर. सुखात आहे म्हणतात. बरं मग? ती सुखात आहे म्हणून मी केलं ते हलकं होतं का? आणि तिला दुःख असतं तर तुम्हाला माझा राग करणं जास्त सोपं गेलं असतं, नाही का?

मी रडत नाही. ते दीड मिनिट पाहिलं की मला आजही अभिमान वाटतो — का वाटू नये? कॅमेरा माझा, ताल माझा. चोरी केली म्हणून काम वाईट होत नाही, आणि काम चांगलं झालं म्हणून चोरी पुसली जात नाही. हे दोन्ही मला एकदमच ठाऊक आहे आणि त्यासाठी मला कुणाचा खांदा नको. लावण्या हे वाचेल कदाचित. वाचू दे.

पण एक राहिलंच. मुद्दामच मागं ठेवलं होतं.

त्या दिवशी चुलते पुढं निघून गेले, लावण्याही त्यांच्यामागं गेली. काका मात्र परत फिरले. माझ्यासमोर येऊन त्यांनी हात जोडले. म्हणाले, “डोळं पयल्यासारखं न्हाईत आता. माज्यामुळं तुमच्या कामात खोट आली, पोरी. माफ कर.”

मी म्हणाले, “असू द्या काका, होतं असं कधी कधी.”

मी त्यांना माफ केलं.