कोरडा जॉइंट

गुढियारीच्या शालिग्राम भोयरांना संशय घेतल्याशिवाय चहा गोड लागत नसे. वडील रेल्वेच्या नोकरीपायी वर्ध्याहून रायपूरला, या गुढियारी भागात आले. शालिग्रामांचा जन्म मात्र मोटारी दुरुस्त करत त्यांच्याखाली गेला. गाडी ‘खट’ वाजली की मालक खोटं बोलतोय हे आधी धरून चालायचं आणि मग जॅक लावायचा, ही त्यांची रीत. बरेचदा त्यांचं खरंही निघायचं, हीच तर पंचाईत!

जावई उदय रायपूरजवळ वसवलेल्या नव्या राजधानीतल्या एका ऑफिसात होता. तिथल्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर तो एकेकाळी शर्यती लावायचा. लग्न ठरताना त्याने शालिग्रामांच्या लेकीला, आनंदीला शब्द दिला, शर्यत बंद. पण जमिनीला टेकायला आलेली, दणकट स्प्रिंगांची गाडी काही सुटली नाही. एक दिवस तो पुढच्या दोन चाकांचे नवे जॉइंट घेऊन सासऱ्यांकडे आला. कंपनीच्या जॉइंटसारखं यात रबर नव्हतं. वाटीत फिरणारी धातूची गोळी आणि मध्ये पांढरं, पातळ, मुळातच गुळगुळीत अस्तर.

“बाबा, इसमें ग्रीस नहीं लगाना. कोरडाच बसवायचा,” उदय म्हणाला आणि उजवा जॉइंट त्याने स्वतःच बसवला.

“कोरडा बसवला की लवकर झिजते, अन् मंग दुकानवाले दुसरा इकतेत. समजते मले!” शालिग्राम मनात म्हणाले. उदयची पाठ वळताच त्यांनी डाव्या जॉइंटात बोटभर ग्रीस भरलं आणि तो बसवून टाकला.

पावसाळा सरला आणि डावं चाक वाजू लागलं, असं उदयने सासऱ्यांना फोनवर सांगितलं. गाडी उजवीकडे वेगात वळवली की सगळा भार डाव्या चाकावर येतो, हे शालिग्रामांना पक्कं ठाऊक. जॅक लावायच्या आधीच त्यांनी लेकीला फोन केला. “तुहा नवरा रेस लावून राहिला. लोखंड खोटं बोलत नाही, पोरी.”

उदयने परोपरीने सांगितलं, ऑफिस आणि घर, यापलीकडे गाडी नेली नाही. आनंदीने ऐकलं नाही. भांडण झालं आणि ती बॅग घेऊन माहेरी आली. शालिग्रामांना वाईट वाटलं, पण आपला अंदाज चुकत नाही याचं थोडं बरंही वाटलं.

मग त्यांनी गाडी मागवून दोन्ही जॉइंट काढले. उजवा नव्यासारखा घट्ट होता. डाव्यातून काळा चिखल निघाला. उरला-बीरगांवच्या कारखान्यांतून शहरभर उडणारी काळी धूळ ग्रीसला चिकटली होती आणि गोळीबरोबर फिरून तिने अस्तराचा पार भुगा केला होता. ग्रीस कोणी भरलं, हे कोणाला विचारायची गरज नव्हती.  हात न धुताच शालिग्राम घरात गेले.

“आनंदी, चूक माही आहे. म्या ग्रीस भरलं, त्यात धूळ बसली. जावयानं काही केलं नाही. तू आपल्या घरी जाय.”

तिने भाजी निवडणं थांबवलं आणि बापाकडे नीट पाहिलं.

“बाबा, हे बोलाले त्यानंच लावलं न तुमाले?”

“नाही पोरी. तुही शपथ.”

“मंग तवा काहून इतकं पक्कं सांगत होते?”

 शालिग्रामांनी पुन्हा शपथ घेतली, देवासमोर हात जोडून. आनंदीने सगळं ऐकून घेतलं. “हव, त्यानं शिकवलं तसंच म्हना,” म्हणाली, आणि पुन्हा भाजी निवडू लागली.