चौथ्या बाजूचं कुलूप

त्या दुपारची गोष्ट मी विसरलेले नाही, आणि आठवली की आधी डोळ्यांपुढे येतं ते कुलूप. साधंच, कोणत्याही दुकानात मिळेल असं. नोकरीत मी खून पाहिले, वाघाने मारलेल्या माणसांचे पंचनामे केले. पण त्या कुलपाने दिला तसा धक्का फार थोड्या वेळा बसला.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होते. कोणाचंच नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. धान कापणीचे दिवस होते. गावातल्या कॉलेजच्या मैदानावर फुटबॉलचा आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना होता आणि शेजारच्या तालुक्यातलं कॉलेज खेळायला आलं होतं. बंदोबस्तासाठी मी एक हवालदार आणि चार शिपाई दिले. प्राचार्यांकडून हमीपत्र लिहून घेतलं: फटाके वाजणार नाहीत, प्रेक्षकांवर कॉलेजचं नियंत्रण राहील, सगळी फाटकं उघडी राहतील. प्राचार्यांनी ते न वाचता सही केली. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही. कागद फायलीला लागला, माझं काम झालं, असं तेव्हा वाटलं.

चार वाजून गेल्यावर हवालदाराचा फोन आला. "मॅडम, लवकर या. फाटकावर पोरं एकमेकांच्या अंगावर पडली."

मी पोचले तेव्हा सामना थांबला होता. पूर्वेकडच्या फाटकाबाहेर तलावाच्या पाळीवरून जाणारा रस्ता आहे. त्या फाटकाच्या आत चपलांचा खच पडला होता. पाहुण्या कॉलेजची एक मुलगी जमिनीवर होती. ती ओरडत नव्हती, नुसती बघत होती. तिच्या कमरेचं हाड मोडलं होतं, हे नंतर कळलं. आणखी दोघांचे हात मोडले होते. फाटकाला बाहेरून कुलूप होतं. तिला दुसऱ्या बाजूने, अख्खं मैदान ओलांडून, रुग्णवाहिकेपर्यंत न्यावं लागलं.

पंचनाम्यात मी लिहिलं, 'फाटक कुलूपबंद.' केव्हापासून, हे विचारलं नाही. स्वतः घेतलेलं हमीपत्र विसरून, कॉलेजचं मागचं फाटक बंदच असणार, असं मी गृहीत धरलं. ही माझी चूक.

अंधार पडायच्या आत प्राचार्यांचं पत्र ठाण्यात आलं. पाच विद्यार्थ्यांना निलंबित केलं आहे, ते गुंड प्रवृत्तीचे आहेत, फटाके त्यांनीच लावले, त्यांच्या कृत्याशी महाविद्यालयाचा संबंध नाही. एवढ्या तातडीने कॉलेजचं उत्तर मला कधी मिळालं नव्हतं. यादीत पहिलं नाव होतं तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचं. जंगलातल्या गावचा. वनरक्षकाच्या भरतीत निवड झालेला, फक्त चारित्र्य पडताळणी बाकी. ते कागद माझ्याच टेबलावर पडले होते. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी तिथेच संपली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात एक बाई आली. फाटकाजवळ चणे-फुटाण्याची टोपली घेऊन बसणारी. ठाणे अंमलदार तिला बाहेरच थांबवत होता. मी आत बोलावलं.

"बाई, ते फाटक उघडंच होतं ना," ती म्हणाली. "अर्धा खेळ होयेपर्यंत माहे गिऱ्हाईक तिथूनच ये-जा करत होते. मंग चपराशी आला न् बाहेरून कुलूप ठोकून गेला. मी म्हटलं, काऊन रे बाप्पा? तं म्हणते, वरून हुकूम हाय."

"हे काल का नाही सांगितलं?"

"काल कोणी इचारलं काय मले?"

तिचं बरोबर होतं. मी तिचा जबाब घेतला आणि यादीतल्या त्या पहिल्या विद्यार्थ्याला आत बोलावलं. त्याचा बाप बाहेर बाकावर टोपी हातात धरून बसला होता. पोरगा बावीस वर्षांचा, अंगाने काटक. डोळे सुजलेले.

"फटाके कोणी लावले?"

"मी, मॅडम. आम्ही पाचजण."

इतक्या सरळ कबुलीची मला सवय नव्हती. "आणले कुठून?"

"घरून. डुकरांसाठी आणले होते. आमच्याकडे या दिवसांत घरोघरी रायतात."

"मैदानात कशासाठी?"

त्याने दाराबाहेर बसलेल्या बापाकडे पाहिलं. हवालदार त्याच गावाकडचे, वयाने मोठे. त्यांनी आवाज चढवला, "अबे, मॅडम काय विचारून राह्यल्या? बोल ना!"

"हाका केला, भाऊ," तो हवालदारांना म्हणाला.

धान पिकलं की रानडुकरं बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात शिरतात. तेव्हा गावकरी तीन बाजूंनी उभे राहतात, टिनाचे डबे बडवतात, फटाके फोडतात. जंगलाकडची चौथी बाजू मोकळी सोडतात, तिकडून जनावर निघून जातं. या पाचजणांनी पाहुण्या कॉलेजच्या प्रेक्षकांभोवती तसंच केलं होतं. शेवटच्या दहा मिनिटांत तीन बाजूंनी डबे आणि फटाके एकदम वाजले. माणसं घाबरून चौथ्या बाजूला पळाली.

"माणसांचा हाका करतात का रे?" मी विचारलं.

"क्रीडा संचालक सरांनी मीटिंग घेतली होती. म्हणाले, शेवटी शेवटी त्यांचा आवाज बंद झाला पायजे. तुमच्या गावात डुकरं कशी हाकलता रे? सगळे हसले. मंग मले म्हणाले, तूच लीडर."

"आणि चौथी बाजू?"

"फाटकाची. मी सकाळी सोता जाऊन पायलं होतं, उघडं होतं." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, मी चुकलो. पण चौथी बाजू बंद करणारा मी नाई. ती बंद केली तं डुक्कर आपल्याच अंगावर येते. आमच्याकडच्या लेकराले बी हे समजते."

हवालदारांनी माझ्याकडे बघून मान हलवली. खोटं बोलणारा माणूस स्वतःची चूक आधी सांगत नाही. ती त्याच्याकडून काढून घ्यावी लागते.

त्याची भरतीची फाईल मी उघडली. आत कॉलेजचं चारित्र्य प्रमाणपत्र होतं: 'वर्तणूक उत्तम.' खाली त्याच प्राचार्यांची सही. दीड महिन्यात उत्तम वर्तणुकीचा विद्यार्थी गुंड प्रवृत्तीचा झाला होता.

दोन पंच घेऊन मी कॉलेजात गेले. प्राचार्य शांत होते. चहा मागवू लागले.

"पोरांनी केलं, मॅडम. हजार पोरं. आम्ही काय प्रत्येकाच्या तोंडावर हात ठेवायचा? मॅच बघायला ती आपल्या हौसेनं आली होती."

"सूचना वही दाखवा, सर."

"तिचा इथं काय संबंध?"

"संबंध मी बघते."

वही आली. सामन्याच्या आदल्या दिवशीची सूचना अशी होती: सर्व विद्यार्थ्यांची उपस्थिती अनिवार्य. गैरहजर राहणाऱ्यांचे अंतर्गत गुण कापले जातील. मध्यंतरानंतर पूर्वेकडील फाटक बंद करावे, म्हणजे कोणी मधूनच जाणार नाही. हजेरी सामना संपल्यावर. खाली क्रीडा संचालकांची सही, प्राचार्यांची सही आणि ती वाचल्याच्या नऊ प्राध्यापकांच्या सह्या. नऊपैकी एकानेही विचारलं नव्हतं की आग लागली, मारामारी झाली तर लोक जातील कुठून.

चपराशी दाराशीच उभा होता. किल्ली कोणाकडे होती, विचारलं.

"माझ्याकडंच, मॅडम. पण मले हजेरीचे कागद आणाले ऑफिसात धाडलं होतं. आवाज आला न् पळत आलो, तं..."

"ते कागद आणा."

मला वाटलं होतं, कागद कोरे असतील. ते भरलेले होते. मुलीला घेऊन रुग्णवाहिका गेल्यावर, चपला तिथेच पडलेल्या असताना, पोरांना रांगेत उभं करून हजेरी घेतली होती. त्या पाचही निलंबितांच्या नावापुढे 'हजर' लिहिलेलं होतं. हातातला कागद मी दोनदा वाचला. प्राचार्यांनी चहाचा कप सरकवून ठेवला आणि म्हणाले, "नियमाप्रमाणे घेतली." हमीपत्रावर सही केली तोही नियमच होता, असं म्हणून मी ते त्यांच्यापुढे ठेवलं. ते वाचायला त्यांना आता वेळ होता.

माणसांच्या जिवाला धोका होईल अशा निष्काळजीपणाबद्दल प्राचार्य आणि क्रीडा संचालक आरोपी झाले. फोन आले. संस्था मोठी आहे, पोरांचं प्रकरण पोरांवर मिटवा, असं सांगण्यात आलं. मी ते फोन स्टेशन डायरीत नोंदवले, मग ते यायचे थांबले.

पोराला मी सोडून दिलं असं नाही. पडताळणीच्या कागदावर जे घडलं तेच लिहिलं: फटाके लावले, स्वतःहून कबूल केलं, संस्थेच्या सांगण्यावरून केलं, गुन्ह्यात साक्षीदार आहे. निर्णय वरच्यांचा होता. नोकरी त्याला उशिरा मिळाली, पण मिळाली. मुलीला चालायला आठ महिने लागले.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. गर्दी आपोआप जमत नाही. कोणीतरी ती बोलावतो, उभी करतो, ओरडायला लावतो, आणि बिघडलं की तिच्यातली पाच नावं पुढे करतो. पोलिसांना नावं तयार मिळाली की फार बरं वाटतं. मलाही त्या संध्याकाळी वाटलं होतं. त्यानंतरच्या प्रत्येक बंदोबस्तात मी हमीपत्र मोठ्याने वाचायला लावलं आणि फाटक स्वतः ढकलून पाहिलं.

निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात एका गावाच्या कडेला वाघ शिरला. गर्दी आवरायला आम्ही गेलो. वनखात्याचे लोक आधीच होते आणि त्यांच्यात तो पोरगा होता, आता वनरक्षकाच्या खाकीत. गावकरी डबे घेऊन तयार होते, घाई करत होते. "अरे, वाजवू दे ना साहेब!" कोणीतरी ओरडलं.

"थांबा," तो म्हणाला.

तो जंगलाच्या बाजूला चालत गेला. तिथे कोणाच्या तरी शेताचं तारेचं कुंपण आडवं होतं. दोघांना हाताशी घेऊन त्याने ते उपटलं, दूर ओढून नेलं. परत आला, पुन्हा एकदा वळून त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि मगच हात वर केला.