नकाशावरचा कोरडा नाला

"झिरा म्हणजे? फोडणीतलं जिरं का?"

प्राध्यापकांनी विचारलं आणि शेजारचे वनाधिकारी हसले. नंदुरबारबाहेरचं, नाल्याकाठचं विश्रामगृह. मे महिना. ते दोघे पंख्याखाली, मी समोर उभी. खुर्ची रिकामी होती. बसा कोणी म्हणालं नाही.

एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. गावाच्या तलावात येणारं पाणी आणि वरच्या डोंगरातलं जंगल यांचा संबंध शोधायचा, त्यावर डॉक्टरेट करायची, अशी एक जागा निघाली होती. तिचीच ही मुलाखत. मी बडोद्याहून एम.एस्सी. होऊन सारंगखेड्याला, आपल्या केळी-कापसाच्या घरात परत आले होते. ती जागा मला हवी होती. लग्नापेक्षा जास्त हवी होती, हे तुमच्या आजोबांनाही ठाऊक होतं.

उत्तरं मी इंग्रजीत दिली. चांगली दिली. 'झिरा' तेवढा मराठीत राहिला. आटलेल्या नाल्याच्या वाळूत बाया खड्डा करतात, त्यात पाणी झिरपतं, तो झिरा. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते बडोद्यात कोणी शिकवलं नव्हतं.

झिरे मला दाखवले डोंगराच्या पायथ्याच्या रुपलीबाईंनी. पहिल्या दिवशी मी वहीत 'नाला कोरडा' लिहायला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "रेती सुकनी ताई. पानी कोठे सुकनं?" त्यांचं माप हात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. वर जंगल उभं तिथे पाणी एका हातावर, तोडलेलं तिथे तीन हातांवर. दोन उन्हाळे मी हे दर आठवड्याला लिहिलं. रेघा आखून, तारीखवार.

प्राध्यापकांनी वही चाळली.

"हात? कोणाचा हात?"

"रुपलीबाईंचा. एकाच बाईचा आहे, त्यामुळे माप बदलत नाही. शेजारी इंचही लिहिलेत."

इंच त्यांनी पाहिले नाहीत.

"अक्षर मात्र सुरेख आहे," ते म्हणाले. "असं करा, वही ठेवून जा. जागा आमच्या पुण्याच्या विद्यार्थ्याला देतोय. तुम्ही त्याच्या प्रबंधाची फेअर कॉपी करा. घरबसल्या काम."

टेबलावर त्यांचा नकाशा होता. बाहेरच्या याच नाल्यावर लाल शाईत लिहिलेलं: मार्चनंतर कोरडा. हा गृहस्थ नाल्यात उतरलेलाच नव्हता. पँटच्या इस्त्रीवरून दिसत होतं. पंख्याने नकाशा उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला होता. अर्धा प्यालेला. विश्रामगृहाचं पाणी रुपलीबाईच भरायच्या. हंडा रिकामा करून त्या व्हरांड्यात बसल्या होत्या.

मी विचारलं, "सर, हे पाणी कुठलं?"

"असेल इथलंच."

"तुमच्या कोरड्या नाल्यातलं. आज सकाळच्या झिऱ्याचं."

वनाधिकाऱ्यांचं हसू थांबलं. प्राध्यापकांनी ग्लास बाजूला सारला, जणू उद्धटपणा ग्लासाने केला होता. नकाशावर ओलं वर्तुळ उरलं.

मी वही उचलली. "फेअर कॉपी करणार नाही. वहीही देणार नाही."

जागा गेली. तो विद्यार्थी डॉक्टर झाला. त्याच्या प्रबंधातही नाला मार्चमध्येच आटतो. आटू दे.

बाहेर आले तशी रुपलीबाईंनी हसत विचारलं, "मन्हा हात लिखी लिधा का त्यासनी?" माझा हात लिहून घेतला का त्यांनी, असं.

मी वहीचं पहिलं पान उघडलं. नाव एकच होतं. माझं. मला खुर्ची दिली नाही म्हणून मी आत पेटले होते. आणि जिच्या हाताने दोन उन्हाळे मोजलं, तिला मी माझ्या वहीत कुठे बसवलं होतं?

तिथेच, व्हरांड्यात, त्यांचं नाव लिहिलं. माझ्या नावाच्या वर.

तुमच्यापैकी एक नात याच विषयात संशोधनाची जागा शोधते आहे, असं कळलं. शोध. मिळव. वही माझ्याकडे आहे. ज्याला ती हवी त्याने इथे यावं, मेमध्ये, आणि वाळूत बसून वाचावी. तिच्यातली एक ओळही दुसऱ्या कोणाच्या नावाखाली जाणार नाही. मी आहे तोवर नाही. पुढे तुम्ही आहात तोवर नाही.