मागे दिलेला चेंडू

शुक्रवारी सकाळी वसंताचा फोन आला, तेव्हा मी सातवीच्या भूमितीच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. वसंता गुहागरचा, इथे बहरीनमध्ये एका फुटबॉल क्लबची बस चालवतो. एरवी त्याचे बोलणे थट्टेनेच सुरू होते. त्या दिवशी तो एवढेच म्हणाला, "सर, मार्टेनसाहेब गेले. गावीच, झोपेत..." सुट्टीसाठी हॉलंडला गेलेला माझा सहकारी आणि इथल्या हूरा वस्तीतला शेजारी आता परत येणार नव्हता. त्याला काही आठवडे झाले.

मार्टेन व्यावसायिक फुटबॉलपटू होता, मधल्या फळीतला. हा खेळ परिचित नसलेल्यांसाठी सांगतो : गोल करणारे पुढे असतात, गोल वाचवणारे मागे, या दोहोंमधल्या विस्तीर्ण जागेची व्यवस्था मधल्या फळीकडे असते. वर्तमानपत्रात तिचे नाव क्वचितच येते. मार्टेन एका पोस्टमनचा मुलगा, धावण्यात लहानपणापासून मंद. "पाय चालत नसतील तर मान चालव," असे पहिल्या प्रशिक्षकाने बजावले आणि चेंडू पोचण्याआधीच दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घ्यायची सवय त्याला जडली. त्या बळावर तो दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत गेला आणि तिथे अनेक हंगाम टिकला. राष्ट्रीय संघाच्या सरावाला एकदा बोलावणे आले. सामना मात्र मिळाला नाही. मी हळहळलो, तर हसून म्हणाला, "जर्सी अंगाला बसते, एवढं तरी कळलं ना!"

घोटा दुखावल्यावर तो बहरीनला आला, वसंताच्या क्लबकडून खेळू लागला. त्याची मुलगी आमच्याच इंटरनॅशनल स्कूलमध्ये, दहावीत. करार संपला की व्हिसा संपणार आणि तिला ऐन परीक्षेच्या वर्षी शाळा सोडावी लागणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. हंगामाच्या शेवटच्या सामन्याआधी क्लबचे मॅनेजर युसुफ त्याला स्पष्टच म्हणाले, "आज क्लबचं बोर्ड सामना बघायला येणार आहे. पुढे खेळ, लोकांच्या डोळ्यांत भरेल असं खेळ. मग नव्या कराराचं बघू, इंशाल्ला." वरच्या श्रेणीत टिकायला क्लबला बरोबरी पुरेशी होती. मीही सुचवले, "आज थोडं दाखवून टाक." त्याने नुसती मान हलवली.

सामना बरोबरीत, शेवटचा टप्पा, आमचे बचावपटू दमून वाकलेले. चेंडू मार्टेनकडे आला. त्याने मान वळवून पाहिले आणि चेंडू मागे गोलरक्षकाकडे दिला. पुन्हा आला, पुन्हा मागे. प्रेक्षक ओरडू लागले. माझ्या शेजारी वसंता उभाच राहिला : "अहो साहेब, गोल तिकडे आहे! यांना कुणीतरी नकाशा द्या रे!" मार्टेनने वर पाहिलेसुद्धा नाही. चेंडू जितका वेळ मागे फिरत होता, तितका वेळ दमलेली माणसे श्वास घेत होती, हे मला फार उशिरा उमगले. बरोबरी झाली, क्लब टिकला. वसंताने मला मिठीच मारली.

करार मात्र झाला नाही. "उपकार आहेत तुझे," युसुफ म्हणाले, "पण मागे जाणारा चेंडू बघायला लोक येत नाहीत. खलास."

आमच्या इमारतीच्या जिन्यात मी मार्टेनला विचारले, "असं का केलंस?"

"पुढचे दोघंही घेरलेले होते. मागचा मोकळा होता."

"आणि पोरीची परीक्षा?"

तो म्हणाला, "समोर बसलेल्यांना आवडावं म्हणून तू फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिशील?"

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांना मी हा संवाद जसाच्या तसा सांगितला. आमच्याकडे क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी होती. त्यांनी त्याला बोलावले, व्हिसा वेळेत झाला, मुलगी परीक्षेला बसली. व्यावसायिक खेळ तिथे थांबला. त्यापुढची त्याची सगळी वर्षे आमच्या मैदानाची.

परवा सातवीचा आंतरवर्गीय सामना होता. एका मुलीला प्रतिस्पर्ध्यांनी घेरले. कुंपणाबाहेरून पालक ओरडत होते, "फॉरवर्ड! फॉरवर्ड!" ती थांबली, तिने खांद्यावरून मागे पाहिले आणि चेंडू शांतपणे आपल्या गोलरक्षकाकडे सरकवला. पालक नाराजीने कुजबुजले. तिने मान वर करून मैदानाच्या कडेच्या रेषेकडे पाहिले. अशा वेळी "गुड" म्हणणारा माणूस तिथे उभा असायचा. जागा रिकामी होती. मी भूमितीचा मास्तर, मैदानावर आवाज चढवायची मला सवय नाही. तरीही ती पाहतच राहिली, तेव्हा मी रेषेपर्यंत गेलो आणि मोठ्याने म्हणालो, "गुड!"