यंत्र बंद होते त्या दिवशीची सही

एखाद्या कागदावर तुमची सही आहे, म्हणून त्यातले कामही तुम्हीच केले, असे धरावे का? नोकरीभर मी तसेच धरत आलो. ज्या केसने तो समज मोडला, ती आजही माझ्या मनातून गेलेली नाही.

निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. हैदराबादेतल्या एका संशोधन संस्थेच्या प्राध्यापकांनी आमच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. त्यांच्या प्रयोगशाळेत चांदीचे नॅनो कण बनवत, साध्या डोळ्यांना कधीच न दिसणारे. भाजलेल्या जखमेच्या पट्टीत ते घालायचे होते. त्यांच्या लेखात छापलेला कणांचा फोटो जुन्याच एका लेखातला, फक्त फिरवून लावलेला, असे बाहेरच्या कुणीतरी दाखवून दिले होते. तक्रार अशी, की पीएचडीच्या विद्यार्थिनीने तो फोटो घातला आणि उघड होताच मूळ फायली पुसल्या. सोबत मायक्रोस्कोपच्या रजिस्टरची प्रत. फोटोच्या तारखेसमोर तिची सही.

महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी काचीगुड्याला तिच्या घरी गेलो. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. इन्स्पेक्टर मराठी बोलतो म्हटल्यावर त्यांना धीर आला. तो धीरच आज मला सलतो.

"सही तुझीच ना?"

"हो काका. पण त्या दिवशी मी मायक्रोस्कोपच्या खोलीतही गेले नाही. सीनियरच्या वाट्याची यंत्राची वेळ संपली की सर रजिस्टर टेबलावर पाठवतात, म्हणतात, तुझ्या नावावर घे. आम्ही सगळेच तसं करतो."

"न केलेल्या कामावर सही करतेस आणि संशोधक म्हणवतेस?"

वडील म्हणाले, "साहेब, भाजीवाल्यानं दोन टमाटे जास्त टाकले तरी ही परत देऊन येते हो."

मी म्हणालो, "संचालकांच्या नावे दोन ओळींचा खुलासा लिहून दे. सही माझी, चूक झाली. मिटून जाईल." असा सल्ला देण्याचा मला अधिकार नव्हता. मला तपास आटोपायची घाई होती. तिने लिहून दिले. आठवड्याभरात संस्थेने तिची नोंदणी रद्द केली.

नंतर एके सकाळी ठाण्यासमोरच्या चहावाल्याकडे एक वयस्क माणूस माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मायक्रोस्कोप चालवणारा ऑपरेटर.

"साब, मेरा नाम नक्को लेना. कॉन्ट्रॅक्ट प्रोफेसर साब के सही से बढ़ता."

"बोलो मियाँ."

"उस रोज मशीन बंदिच था. पंप बैठ गया था. फोटू क्या हवा में से खींचे?"

मी पंच घेऊन प्रयोगशाळेत गेलो. यंत्रामागच्या पाकिटात मेकॅनिकचा दुरुस्तीचा कागद होता. तारीख तीच. फायली पुसल्या गेल्या त्या प्राध्यापकांच्या लॉगिनवरून. त्यांना समोर बसवले.

"तो फोटो नमुन्यादाखल होता, इन्स्पेक्टर. कण तसेच दिसतात."

"आणि तारीख? तीही नमुन्यादाखल?"

त्यांनी पाणी मागितले. मग बोलू लागले. निकाल वेळेत दाखवायचा होता, पुढे तो खरा ठरेलच अशी खात्री होती. मुलीचे काय होईल, याबद्दल एक शब्द नाही.

दोषारोपपत्र लिहिताना मुद्देमालात जमा असलेल्या, तिच्या प्रयोगांच्या तीन वह्या मी पहिल्यांदा उघडल्या. "आज कण एकमेकांना चिकटले." "अकराव्यांदा तेच." "सरांना सांगितले. सर म्हणाले, नीट कर." तीन वर्षे रोज, तारखेसह. कण बनवायची ही पद्धत चालत नाही, हे त्या प्रयोगशाळेतले एकमेव खरे संशोधन होते. मी त्याला सुतळी बांधून, नंबर टाकून कपाटात ठेवले होते.

प्राध्यापकांवर खटला उभा राहिला. ती निर्दोष आहे असे मी संस्थेला दोनदा लेखी कळवले. उत्तर आले: विद्यार्थिनीने स्वहस्ते चूक मान्य केली आहे.

आज ती कुकटपल्लीतल्या एका ऑफिसात ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे देते. कोर्टाच्या परवानगीने मी वह्या परत द्यायला गेलो, तर म्हणाली, "तुमच्याकडेच ठेवा काका. घरी नेल्या की बाबा वाचत बसतात."

खोट्या फोटोच्या जोरावर ती पट्टी उद्या कुणाच्या तरी होरपळलेल्या अंगावर बसली असती. हा गुन्हा एकट्या प्राध्यापकाचा म्हणून मी सुटणार नाही. फसलेला प्रयोग सांगायला जिथे जागाच नाही, तिथे खोटा फोटो लागणारच. आणि खरे बोलणाऱ्या मुलीला "लिहून दे, मिटून जाईल" म्हणणारा माझ्यासारखा कुणी तिथे हजर असतोच.

तुमच्या घरात, शेजारात कुणी संशोधन करत असेल तर "पीएचडी कधी संपणार?" हा प्रश्न आजपासून बंद करा. यंदा काय जमले नाही, ते विचारा. आणि सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.